पाडव्याचे साल : हिंगोलीचा वसंत आणि मराठी साहित्यातील ऋतुभान

मराठीत वसंताविषयी लिहायचे म्हटले की दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ पहिल्यांदा आठवते. 1956 साली आलेल्या या पुस्तकाने मराठी वाचकाला ऋतू पाहायला शिकवले. चैत्रावरच्या लेखाला त्यांनी ‘वसंतहृदय चैत्र’ असे नाव दिले. झाडाची पालवी, मोहोर, पाखरे, उन्हाचा बदलता रंग यांची इतकी सूक्ष्म आणि जिवंत नोंद त्याआधी मराठी गद्यात क्वचितच झाली असेल. मात्र या पुस्तकाच्या यशानंतर ऋतू म्हणजे पाहण्याची गोष्ट असा एक समज आपल्या समीक्षेत रुजला. ग्रामीण कादंबरीतला चैत्रही आपण ‘निसर्गवर्णन’ या खान्यात टाकू लागलो. हिंगोली जिल्ह्यातला वसंत समोर ठेवला तर हा खाना अपुरा पडतो.

हा जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. फाल्गुनात कळमनुरी-औंढ्याच्या माळरानावर पळस पेटतो, कडुलिंबाला पालवी फुटते, हे खरेच. त्याच दिवसांत वसमतच्या शिवारात हळदीची काढणी चालू असते. मृगाच्या आसपास लावलेला कंद आठ-नऊ महिन्यांनी जमिनीबाहेर येतो. बाया जेठे गड्डे आणि हळकुंडे वेगळी करतात, ओली हळद शिजवली जाते, पंधरवडाभर उन्हात वाळते, मग ढोलात घालून पॉलिश होते आणि बाजाराला निघते. शिजवणारी माणसे आपला कुकर घेऊन या शेतातून त्या शेतात फिरतात. 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाच्या नावाला बाजारात किंमत आली, ती कंद वेचणाऱ्या हातांच्या रोजात किती उतरते हा प्रश्न वेगळा.

पण या वसंताची खरी खूण गुढीपाडवा आहे. मराठवाड्यात सालगड्याचे साल पाडव्याला सुरू होते आणि पुढच्या पाडव्याला सुटते. वर्षाची रक्कम आणि धान्य ठरते, थोडी उचल हाती पडते. जुन्या मालकाकडचे साल सुटले की गड्याचे बिऱ्हाड उचलले जाते आणि नव्या मालकाच्या आखाड्यावर जाऊन पडते. आखाडा म्हणजे इकडचा शेतातला गोठा-कोठा. भांडी, गोधडी, कोंबड्या, चूल आणि लेकरे असे सगळे घर एका दिवसात हलते. गावात गुढ्या उभ्या राहतात तेव्हा कुणाचे तरी घर मोडलेले असते आणि कुणाचे नव्याने मांडले जात असते. शालिवाहन शकाचा पहिला दिवस इथे मजुरीच्या कराराचाही पहिला दिवस आहे.

दुसरी हालचाल याच्या उलट दिशेची आहे. दिवाळीच्या सुमारास तांडे आणि वाड्या रिकाम्या होतात. मुकादमाची उचल अंगावर घेऊन जोडपी ऊसतोडीला जातात. या व्यवहारात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडला की ही माणसे गावी परततात. बंजारा तांड्यांचा सगळ्यांत मोठा सण होळी. त्यात लेंगी गायली जाते. गाळप लांबले तर ती होळी फडावर जाते. मुलांचे शाळेचे वर्ष सरत आलेले असते, तेव्हा आई-बाप घरी येतात. हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना याच मोजपट्टीतून निघाली.

चैत्रात एक घर निघते आणि दुसरे परतते. ऋतू इथे नुसता दिसत नाही, तो मोजला जातो : उचलीत, सालात, खेपांत. साहित्यात या मोजलेल्या ऋतूचे काय झाले?

मराठीच्या जुन्या वारशात तो आहे. ‘ऋतुचक्र’ आले त्याच 1956 साली स. आ. जोगळेकरांनी संपादिलेली हालाची गाथासप्तशती मराठीत आली. गाथांतली ‘गोला’ म्हणजे आपली गोदावरी आणि परंपरेने त्यांचा संबंध पैठणच्या सातवाहनांशी आहे. तिथे वसंत आला की पथिक आठवतो. वाटेवर असलेला माणूस, त्याची वाट पाहणारी बायको, तिच्यावर नजर ठेवणारे शेजारी. मोहोर हा घरातल्या रिकाम्या जागेची जाणीव करून देणारा असतो. तिथल्या ऋतूला प्रवासाचा हिशेब जोडलेला आहे. मात्र गाथांतला पथिक एकटा जातो आणि बायको मागे राहते. ‘कोयता’ या शब्दाने ती विरहिणीही वाटेला लावली. आता मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. त्यांच्या वाट पाहण्याला आपल्या कवितेत अजून नेमका शब्द मिळालेला नाही.

आधुनिक ग्रामीण साहित्याने कष्टाचे वर्ष समर्थपणे मांडले. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ (1971) या कादंबरीचे नावच गळलेल्या पानांचे आहे. गंगाराम शिंप्याची बायको आपल्या बोलीत संसाराची पडझड सांगते आणि पानगळ ही घराची अवस्था होते. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हिंगोलीला लागूनच असलेल्या वऱ्हाडातले हे वर्ष आहे. शिकून बेकार राहिलेला एकनाथ, त्याला सोडून माहेरी जाणारी अलका, नापिकीचे चक्र, असा सगळा पसारा बारा महिन्यांत बांधलेला आहे. तरी तो घरधन्याचा बारोमास आहे. मालक कर्जात बुडतो, पण शिवार त्याचे असते आणि म्हणून ऋतू त्याच्याकडे येतात. ज्याला दर पाडव्याला शिवार बदलावे लागते त्याला आपला असा ऋतू असतो का, हा प्रश्न या परंपरेने फारसा विचारला नाही. सालगडी तिथे बहुधा दुय्यम पात्र असतो : प्रामाणिक, मुका किंवा विश्वासघातकी.

हिंगोलीच्या मातीतला कवी म्हणून इंद्रजित भालेराव यांचे नाव घ्यावे लागते. त्यांचे रिधोरा वसमत तालुक्यातले. ‘पीकपाणी’पासून त्यांनी इथली बोली आणि ओवीची लय कवितेत आणली. त्यांच्या एका संग्रहाचे नाव ‘दूर राहिला गाव’. शिकून शहरात गेलेल्या एका पिढीची हुरहुर या तीन शब्दांत आहे. ती खरीच आहे, पण दूर राहायला आधी गाव आपला असावा लागतो.

जागा बदलणाऱ्याच्या बाजूने वर्ष सांगितले ते आत्मकथनांनी. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (1980) कैकाड्यांचे बिऱ्हाड गाढवावर असते. फोक कुठे मिळेल आणि टोपल्या कुठे खपतील यावर मुक्काम ठरतो आणि मुलाची शाळा त्या मुक्कामांत तुटत राहते. इथे निसर्गवर्णन कमी आहे म्हणून ऋतुभान नाही असे आपण म्हणणार का? झाडाकडे फोकासाठी पाहणे हेही पाहणेच आहे. त्यात सौंदर्य नसेल, पण झाडाची नेमकी ओळख आहे.

हा निकष समाजशास्त्राचा आहे, साहित्याचा नाही, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर आहे. कादंबरीत काळ कसा वाहतो हा रूपाचाच प्रश्न आहे. सालावर बांधलेल्या आयुष्यात कथानक पुढे सरकत नाही, ते दर चैत्राला पुन्हा पहिल्या पानावर येते. मालक नवा, आखाडा नवा, उचल मात्र जुनी. या पुनरावृत्तीला आपण ‘कथानकाचा अभाव’ म्हणतो, तेव्हा चूक आपल्या मापाची असते. ‘ऋतुचक्र’मधले चक्र आनंदाने फिरते. सालगड्याचेही चक्रच आहे, त्याला बैल होऊन जुंपलेला माणूस असतो. दोन्ही चक्रे वाचण्यासाठी एकच मोजपट्टी पुरणार नाही.

म्हणून समीक्षेने काही साधी कामे हाती घ्यावीत. हेमा राईरकर आणि गी प्वातेव्हाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमल्या. त्यांत साल, चाकरी, बिऱ्हाड, उचल हे शब्द कुठे आणि कुणाच्या तोंडी येतात ते पाहावे. तांड्यांतल्या लेंगी महिन्यांच्या क्रमाने नोंदवाव्यात. फडावरची होळी त्यांत उतरली आहे का, ते शोधावे. ग्रामीण कादंबऱ्या पुन्हा वाचताना पाडवा आला की थांबावे आणि त्या दिवशी घरात कोण आले आणि आखाड्यावरून कोण गेले, ते विचारावे. गुढीचे वर्णन लेखकाने किती ओळींत केले आणि निघालेल्या बिऱ्हाडाला किती ओळी दिल्या, एवढे मोजले तरी आपल्या वसंताचा मालक कोण ते कळेल.