पत्रा कापण्याआधी

दुर्ग-भिलाईत लग्नसराई सुरू झाली की जीई रोडवर झेंडूच्या माळा ल्यालेल्या 'विंटेज' गाड्या निघतात. लांबलचक बॉनेट, बाहेर आलेले गोल हेडलाइट, पाठीवर स्टेपनी, पितळी भोंगा. वाकून खाली पाहावं तर जीपची चॅसी, नाहीतर जिप्सीची. वरातीला त्याचं सोयरसुतक नसतं आणि नसावंच. गाडी नकली आहे ही माझीही तक्रार नाही. ती वाईट घडवलेली आहे, ही आहे. मडगार्डची कमान एका घेराची, चाक दुसऱ्याच. दाराची फट वर बोटभर, खाली नखभरही नाही. जिथे पत्रा बसला नाही तिथे पुट्टी आणि पुट्टी तडकली तिथे सोनेरी स्टिकर. जुन्या गाड्यांच्या बॉडीकामाचं आपल्याकडे आज काय चाललं आहे, हे पाहायला संग्रहालयात जायची गरज नाही.

कडवे शौकीन जुन्या बॉडीला हात लावणं पाप मानतात. इतिहास त्यांना पूर्ण साथ देत नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉइस कंपनी इंजिनासह नुसती चॅसी विकायची. बॉडी गिऱ्हाइकाने हूपर, बार्कर किंवा थ्रप अँड मेबर्लीसारख्या कोचबिल्डरकडून करून घ्यायची. आज 'ओरिजिनल' म्हणून पुजली जाणारी बॉडी मुळात कुणाच्या तरी फर्माइशीचीच होती.

फर्माइशीला नजरेची जोड मिळाली की काय होतं, ते इंदूरच्या दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी दाखवलं. एकार्ट मुथेसियसकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेणारा हा राजा. १९३०च्या दशकात त्याने अमेरिकन ड्युसेनबर्ग एसजेची चॅसी घेतली आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून करवली. पुढच्या-मागच्या चाकांत १५३.५ इंचांचं अंतर, म्हणजे सहा-सात माणसं सहज मावतील एवढी लांबी. आणि बसायची सोय फक्त दोघांची. बाकी सगळं नाक आणि शेपटी, केशरी आणि काळ्या रंगात. उधळपट्टीच ही, पण बॉनेटवरून निघालेली रेषा शेवटपर्यंत कुठे अडखळत नाही. आता ती गाडी भारतात नाही. याउलट १९१०च्या सुमारास कलकत्त्याच्या एका गोऱ्या साहेबाने हंसाच्या आकाराची मोटार करवून घेतली. चोचीतून पाण्याचा फवारा उडायचा. तीही आता परदेशात, नेदरलँड्सच्या संग्रहालयात आहे. तिचं कौतुक खूप होतं. मला ती चाकांवरचा चित्ररथ वाटते.

राजेरजवाड्यांपलीकडे एक गरजेची परंपराही होती. जुन्या सलूनची पाठ कापून पिकअप करायचा, तगड्या अमेरिकन टॅक्सीत डिझेल इंजिन बसवायचं, शिकारीसाठी छप्पर उडवायचं. या कामांची नोंद फारशी कुणी ठेवली नाही. करणाऱ्यांची नावंही सहसा सापडत नाहीत.

बॉडी घडवण्याची ही कला शेवटी डेंटरच्या हातात असते. कुजलेल्या मडगार्डचा तुकडा कापून काढला की तो आधी पुठ्ठ्याचा फर्मा काढतो. मग पत्रा वाळूच्या पिशवीवर किंवा खोलगट कोरलेल्या लाकडी ठोकळ्यावर ठेवून ठोकतो. पत्रा आधी विद्रूप होतो, टेंगळांनी भरतो. मग आतून डॉली, म्हणजे हातात मावणारा लोखंडी ठोकळा, लावून बाहेरून हलक्या हाताने ती टेंगळं बसवायची. ठोकून पत्रा ताणला आणि फुगला, तर त्या जागी ज्योतीने लालभडक ठिपका करून ओलं फडकं दाबायचं, पत्रा आकसतो. जोड गॅस वेल्डिंगचा असेल तर तो मऊ राहतो, हातोडीने सपाट करता येतो. सीओटू वेल्डिंग झटपट होतं, पण त्याचा जोड कडक, तो ग्राइंडरने घासावा लागतो आणि वर पुट्टी येते. आजकाल बहुतेक ठिकाणी हाच दुसरा मार्ग असतो, कारण वेळेचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. चांगल्या डेंटरची परीक्षा रंगाआधी होते: डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचा.

भिलाईत लोखंड कळणारे हात कमी नाहीत. मात्र इथला पोलाद कारखाना रूळ आणि जाड प्लेटा लाटतो. विक्रांत युद्धनौकेलाही इथल्या प्लेटा गेल्या. मोटारीचा पातळ कोल्ड रोल्ड पत्रा इथला नव्हे, तो बोकारोसारख्या कारखान्यांतून येतो. हातांचंही तसंच. बारा मिलिमीटरच्या प्लेटवर बसलेला वेल्डरचा हात एक मिलिमीटरच्या पत्र्यावर आवरावा लागतो, नाहीतर भोक पडतं. ते आवरणं शिकण्यासारखं आहे, आणि शिकवण्यासारखंही.

त्यात कायद्याची कात्री. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे वेगळे नियम आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी. चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. नोंदणीचे २०,००० रुपये, आणि नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए'. नियम गरजेचा होता. पण १९४० साली बंद बॉडीची उघडी शिकारगाडी झाली असेल, तर तिचं मूळ रूप कोणतं? तो बदलही आता जुना झाला आहे, त्यालाही इतिहास म्हणून जागा हवी. कालपरवा ग्राइंडर चालवून केलेला बदल मात्र त्या जागेत घुसू नये.

नव्या कामात दिलीप छाब्रियांच्या 'डीसी'ने आपल्याकडे मॉडिफिकेशनला नाव मिळवून दिलं, हे मान्यच. तरी त्या घराण्याची बरीच कामं मला मूळ गाडीवर रागावल्यासारखी वाटतात. अँबेसेडरचं सौंदर्य तिच्या गुबगुबीत खांद्यांत आहे. तिथे रुंद टायर आणि धारदार कडा लावल्या की दोन गाड्या एकमेकींशी भांडत बसतात. याउलट छप्पर दोन इंच खाली, क्रोम कमी, रंग एकच, एवढ्यावर थांबणारा कारागीर मला जास्त धीट वाटतो.

भिलाईतली पहिली भट्टी १९५९ मध्ये पेटली. पुढच्या दीड दशकात सेक्टरांतल्या क्वार्टरांपुढे उभ्या राहिलेल्या अँबेसेडर आणि फियाट आता ५० वर्षांच्या झाल्या आहेत. त्यातली एखादी तुमच्या घरी असेल तर ती जरूर बदला, कायद्यात बसेल तेवढी मनासारखी करा. पण डेंटरकडे सोडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, बदल नटबोल्टवर करता येत असेल तर वेल्डिंग करू देऊ नका, आरसी बुक जपा, आणि काढलेला बंपर, ग्रील, मडगार्ड भंगारवाल्याला देऊ नका.