भूगर्भातील पोकळी आणि सागरी पाइल-पाया : माकणी परिसराच्या अनुभवातून एक चिकित्सा

प्रस्तावना :
धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी हे गाव तेरणा नदीवरील निम्न तेरणा प्रकल्पामुळे परिचित आहे. समुद्र येथून दूर आहे; तरीही सागरी बांधकामांच्या पायाचा विचार येथून सुरू करण्यास कारण आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरातील भूकंपात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. भारतीय मानक 1893 च्या 1984 मधील आवृत्तीत हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या परिमंडळात होता. 2002 च्या सुधारणेत तो तिसऱ्या परिमंडळात गेला. जमीन तीच होती, तिच्याविषयीचा समज बदलला. पाइल-पायाखालील पोकळीच्या प्रचलित अभ्यासाची चिकित्सा येथे याच दृष्टीने केली आहे.

विवेचन :
पाइल वरचा भार दोन मार्गांनी जमिनीत उतरवते : बाजूंच्या घर्षणाने आणि टोकाखालील आधाराने. टोकाखाली पोकळी असल्यास तिच्यावरील खडक छतासारखे काम करतो. छत पातळ असेल तर पाइल ते भेदते. पोकळी रुंद असेल तर छत वाकून तुटते. पोकळी पाइलच्या व्यासाच्या कित्येक पट खोल असेल तर परिणाम क्षीण होतो. हे गणित बिनचूक असले तरी त्यामागील गृहीतके तपासली पाहिजेत.

पहिले गृहीतक असे की, पोकळी एकच, गोल आणि रिकामी आहे. चुनखडकातील पोकळ्या प्रत्यक्षात वेड्यावाकड्या, परस्परांशी जोडलेल्या आणि पाण्याने किंवा चिकणमातीने भरलेल्या असू शकतात. दुसरे गृहीतक असे की, भार उभा आणि स्थिर आहे. समुद्रात मात्र लाटा पाइलला पुनःपुन्हा आडवे ढकलतात आणि वादळात काही पाइल वर खेचल्या जातात. अशा वेळी टोकाखालच्या पोकळीइतकीच बाजूची पोकळीही घातक ठरते.

तिसरा दोष संज्ञेचा आहे. मुंबई हाय येथे 1974 मध्ये तेल सापडले. तेथील तेलधारक चुनखडकातील पोकळ्या समुद्रतळाखाली एक किलोमीटरहून खोल आहेत. पाइल तिथवर पोचत नाहीत. पाइलच्या पातळीवर वेगळाच प्रश्न उद्भवू शकतो : शंख-शिंपल्यांच्या चुऱ्याची, आतून पोकळ कणांची वाळू. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्थ रँकिन प्लॅटफॉर्मच्या पाइल 1982 च्या सुमारास अशाच चुनायुक्त गाळात केवळ स्वतःच्या वजनाने सुमारे 60 मीटर खाली गेल्या. कण चिरडल्याने बाजूचे घर्षण नाममात्र उरले होते. तेथे एकही मोठी गुहा नव्हती. म्हणजे पोकळी मीटरमध्ये मोजावी की मिलिमीटरमध्ये, हे आधी ठरले पाहिजे.

निष्कर्ष :
भूकंपानंतर किल्लारी येथे 617 मीटर खोल छिद्र घेण्यात आले. त्यातून सुमारे 338 मीटर बेसाल्ट आणि त्याखालचा प्राचीन खडक प्रत्यक्ष हाती आला. पण एक छिद्र एकाच बिंदूचे उत्तर देते. म्हणून पोकळीची शक्यता असलेल्या तळात प्रत्येक पाइलच्या जागी, टोकाच्या पातळीखालीही छिद्र घेऊन तपासणी व्हावी. तसेच अहवालात ‘पोकळी नाही’ असे न लिहिता ‘अमुक खोलीपर्यंत पोकळी आढळली नाही’ असे लिहावे. या दोन वाक्यांतील अंतर किती मोलाचे असते, हे तेरणाकाठच्या लोकांना वेगळे सांगावे लागत नाही.