नगरपालिका आणि ‘तोट्टियुडे मकन’

तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची ‘तोट्टियुडे मकन’ (१९४७), म्हणजे मैला वाहणाऱ्याचा मुलगा, ही मल्याळम कादंबरी आलप्पुळातील तीन पिढ्यांची कथा आहे: इशुक्कुमुत्तू, चुडलमुत्तू आणि मोहनन. तिच्यातील करुणेपाशी थांबणारी समीक्षा तिचा गाभा चुकवते. हा गाभा आहे नगरपालिका.

शहराचे आरोग्य राखणे ही तिची जबाबदारी. पण ते ज्यांच्या श्रमावर उभे, त्यांच्या आरोग्याची नोंद तिच्या दप्तरी नाही. तिची देखरेख चालते ती कामगारांवर आणि त्यांच्या एकजुटीवर, रोगावर नव्हे. चुडलमुत्तू कॉलऱ्यात मरतो आणि मुलाला या कामापासून दूर ठेवण्याचे त्याचे स्वप्नही त्याच्याबरोबर मरते. मोहननच्या वाट्याला तेच काम येते. बापाने सोसले; मुलगा पेटतो.

तकळी त्या वस्तीत जन्मलेले नव्हते, ही मर्यादा आहेच. तरी दोष माणसाच्या कर्मात नसून व्यवस्थेत आहे, हे त्यांनी नेमके ओळखले.

२०१३ च्या कायद्याने अस्वच्छ संडासांची पाहणी स्थानिक संस्थांकडेच सोपवली. ज्यांनी माणसांना या कामाला जुंपले, त्यांनीच आता हिशेब द्यायचा! गटारातील मृत्यूची भरपाई २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने १० लाख ठरवली; २०२३ साली ती ३० लाख करावी लागली. भरपाई वाढली, मरण थांबले नाही. तेव्हा ही कादंबरी जुनी झाली, असे म्हणण्याचा अधिकार आपल्या नगरपालिकांनी अद्याप मिळवलेला नाही.