पथकराचे माप : लंडन आणि स्टॉकहोम

आर्थर पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत दोन रस्त्यांचे उदाहरण आले आहे. गर्दीच्या रस्त्यावर येणारा वाहनचालक स्वतःचा वेळ हिशेबात धरतो. परंतु आपल्यामुळे इतरांचा जो खोळंबा होतो, तो धरीत नाही. हा न मोजलेला खर्च कररूपाने त्याच्यासमोर उभा करावा, हा त्या विवेचनाचा मथितार्थ होय. या तत्त्वाविषयी अर्थशास्त्रज्ञांत फारसा मतभेद नाही. खरा प्रश्न मापाचा आहे : कर नेमका कशावर बसवावयाचा?

लंडनने १७ फेब्रुवारी २००३ रोजी मध्यवर्ती भागात गर्दी-कर सुरू केला, तो दिवसाला पाच पौंड असा सरसकट. आरंभी वाहनांची संख्या लक्षणीय प्रमाणात घटली. तथापि ऐन गर्दीत येणारा आणि भर दुपारी येणारा, एक फेरी करणारा आणि दिवसभर हिंडणारा, या सर्वांस दर एकच. एकदा पैसे भरल्यावर पुढच्या प्रत्येक मैलाचे मोल शून्य होते. म्हणजे या कराने प्रवेश मोजला, खोळंबा मोजला नाही.

स्टॉकहोमची योजना अधिक सूक्ष्म होती. जानेवारी ते जुलै २००६ या प्रयोगकाळात शहराची सीमा ओलांडण्याच्या प्रत्येक वेळी, घटकेनुसार १०, १५ अथवा २० क्रोनर आणि दिवसास कमाल ६० क्रोनर, अशी आकारणी होती. सीमेवरील वाहतूक सुमारे एक-पंचमांशाने उतरली. प्रयोगापूर्वी प्रतिकूल असलेल्या शहरवासीयांनी सप्टेंबर २००६ मधील सार्वमतात कराच्या बाजूने कौल दिला आणि ऑगस्ट २००७ पासून तो कायम झाला. अंतर मात्र याही योजनेने मोजले नाही.

परंतु दोन्ही योजनांत एक समान दोष शिरला. कमी प्रदूषण करणाऱ्या वाहनांना गर्दी-करातून सूट मिळाली. वस्तुतः विजेवर चालणारी मोटार धूर सोडीत नाही. पण रस्त्यावरील जागा इतर मोटारीइतकीच अडविते. तिला दिलेल्या सवलतीची किंमत अखेर कोंडीत अडकलेल्या बसमधील उतारूला आपल्या वेळाने चुकवावी लागते. स्टॉकहोमने ही सूट २०१२ मध्ये संपुष्टात आणली. लंडनने २०१९ मध्ये जुन्या, धूर ओकणाऱ्या वाहनांवर साडेबारा पौंडांचा स्वतंत्र दैनिक कर बसविला. विजेच्या मोटारींची संपूर्ण माफी मात्र डिसेंबर २०२५ पर्यंत चालू राहिली.

कोंडी ही स्थळ, काळ आणि अंतर यांवर अवलंबून असते. प्रदूषणात इंजिनाचा प्रकारही निर्णायक ठरतो. दोन भिन्न अपायांस एकच माप लावले, तर एकाचे निवारण दुसऱ्यास पोसते. पथकराचे मूल्यमापन करताना, किती वसुली झाली याआधी त्याने काय मोजले, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.