आगगाडीचे जुने डबे व पाठचिकित्सा

अमेरिकेंतील नेव्हाडा राज्याची राजधानी कार्सन सिटी हें शहर राजधानी असूनहि आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाहून फारसें मोठें नाहीं. आगगाडीच्या जुन्या डब्यांचें व एंजिनांचें एक सरकारी संग्रहालय तेथें १९८० सालापासून आहे. मोडकळीस आलेले डबे मिळवावयाचे, वर्षानुवर्षें खपून ते पूर्वरूपास आणावयाचे, आणि शक्य तर पुन्हां रुळांवर चालवून दाखवावयाचे, हा या संस्थेचा उद्योग. वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत या उद्योगाची चिकित्सा कशासाठीं, असें आमचे कांहीं वाचक विचारतील. आमचें उत्तर असें कीं, जुना डबा दुरुस्त करणारा सुतार आणि जुना ग्रंथ शुद्ध करणारा संपादक या दोघांपुढें प्रश्न एकच असतो. अनेक हातांतून गेलेल्या वस्तूचें खरें रूप कोणतें, व तें ठरविण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे? ग्रंथांच्या बाबतींत या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फार सूक्ष्मपणें झालेला आहे. तोच विचार डब्यांना लावून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

या संग्रहाचा पुष्कळसा भाग 'व्हर्जिनिया अँड ट्रकी' या रेल्वेचा आहे. व्हर्जिनिया सिटीच्या डोंगरांत कॉम्स्टॉक नांवाची रुप्याची प्रचंड खाण लागली होती. तिच्यासाठीं १८६९ सालीं या लोहमार्गाचें काम सुरू झालें, व १८७२ सालीं तो रीनो येथें खंडाच्या आरपार जाणाऱ्या मोठ्या मार्गास मिळाला. पुढें खाण ओसरली, तशी गाडीहि ओसरली. पैशाच्या ओढाताणींत सांपडलेल्या या कंपनीनें १९३७ च्या सुमारास आपले जुने डबे व एंजिनें हॉलीवुडच्या चित्रपट-कंपन्यांस विकण्यास आरंभ केला, आणि १९५० सालीं तिचा मार्ग कायमचा बंद झाला.

याच रेल्वेनें १९१० सालीं २२ क्रमांकाचा एक मोटारडबा घेतला होता. तो ओमाहा शहरांतील मॅकीन कंपनीनें बांधलेला. विल्यम मॅकीन हा युनियन पॅसिफिक रेल्वेच्या यंत्रशाखेचा प्रमुख. थोड्या उतारूंसाठीं वाफेचें एंजिन पेटवून गाडी चालविणें परवडत नाहीं, तेव्हां डब्यांतच पेट्रोलवर चालणारें एंजिन बसवावें, ही त्याची कल्पना. आणि १९०५ ते १९१७ या काळांत त्याच्या कारखान्यानें असे दीडशेंच्या आसपास डबे बांधले. सत्तर फूट लांबीचें पोलादी अंग, वारा कापीत जावें म्हणून सुरीसारखें निमुळतें केलेलें तोंड, वाटोळी पाठ, आणि आगबोटीच्या अंगाला असतात तशा गोल खिडक्या, असें त्याचें रूप होतें. घोड्याच्या टांग्यांनीं भरलेल्या रस्त्यांच्या त्या काळांत हा डबा पाहणारांस किती नवलाचा वाटला असेल याची कल्पनाच केलेली बरी. यंत्र मात्र रूपाइतकें गुणी नव्हतें. डबा मागें न्यावयाचा झाल्यास एंजिन बंद करून तें उलट्या दिशेनें पुन्हां सुरू करावें लागे.

हा डबा १९४५ पर्यंत चालला. नंतर यंत्र व चाकें जाऊन त्याचा नुसता सांगाडा विकला गेला. कार्सन सिटींतच कांहीं काळ त्याचें उपाहारगृह झालें, व पुढें नळकामाच्या सामानाचें दुकान. गेल्या शतकाच्या अखेरीस तो सांगाडा संग्रहालयाला दान मिळाला. मग बारा-तेरा वर्षें त्यावर काम होऊन, डबा प्रथम आला त्यास बरोबर शंभर वर्षें होतांच, म्हणजे मे २०१० मध्यें, तो लोकांपुढें पुन्हां धांवला. दोन वर्षांनीं, २०१२ सालीं, अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकांत त्याची गणना झाली.

या कामाची तारीफ करावी तेवढी थोडी. असल्या कामाची रीतच मोठी मनोरंजक असते. भिंतीवरील रंगाचा एखादा लहानसा तुकडा हलक्या हातानें घांशीत गेलें कीं, एकाखालीं एक असे थर उघडे पडतात, व झाडाच्या खोडांतील वलयांप्रमाणें ते मोजतां येतात. नव्या रंगाखालीं झांकलेल्या अक्षरांचा पुसट उठाव तिरक्या उजेडांत दिसतो. जमिनीवरील खिळ्यांच्या भोकांवरून बाकें कोठें होतीं हें कळतें. आमच्या वाचकांस हा प्रकार अगदींच अपरिचित नाहीं. गांवोगांवच्या देवतांवर पिढ्यान् पिढ्या शेंदराचीं पुटें चढत जातात, आणि एखादे दिवशीं तें कवच सुटून आंतील घडीव मूर्ति दिसूं लागते. वणीच्या सप्तशृंगीवरील शेंदराचा लेप २०२२ सालीं असाच उतरविण्यांत आला, तेव्हां पिढ्यान् पिढ्या कोणीं न पाहिलेलें रूप भक्तांच्या दृष्टीस पडलें. त्या वेळीं ज्यांना आनंद झाला त्यांच्या मनांत एक हुरहूरहि असली पाहिजे. कारण ज्या रूपाला आजी-पणजीनें हात जोडले तें शेंदराचें रूप होतें.

ही हुरहूर हाच आमचा मुद्दा. २२ क्रमांकाचा डबा रुळांवर पस्तीस वर्षें होता, आणि रुळांवांचून जवळजवळ पन्नास. कार्सन सिटींतील आज म्हातारे झालेले लोक लहानपणीं त्यांत बसून कोठें गेले नसतील, पण त्यांत बसून जेवले असतील, किंवा बापाचा हात धरून तेथें नळाची तोटी आणावयास गेले असतील. डब्याकडे आज पाहणारास मात्र १९१० साल दिसतें. मधलीं पन्नास वर्षें त्याच्या अंगावर कोठेंच दिसत नाहींत. तीं संग्रहालयानें लपविलेलीं नाहींत. डब्याचा इतिहास सांगतांना तीं सांगितलीं जातात. परंतु सांगितलेली गोष्ट निराळी आणि वस्तूच्या अंगावर वाचतां येणारी गोष्ट निराळी.

युरोपांत या प्रश्नावर दोन टोकांचीं मतें फार पूर्वींच मांडलीं गेलीं. रस्किननें १८४९ सालीं असें प्रतिपादिलें कीं, जुन्या इमारतीचें पुनरुज्जीवन ही शुद्ध लबाडी होय. मेलेला माणूस उठवितां येत नाहीं तशी गेलेली इमारतहि उठवितां येत नाहीं. उलट फ्रान्सांतील व्हिओले-ल-द्यूक याचें म्हणणें असें कीं, इमारतीला असें पूर्ण रूप द्यावें, मग तसें रूप प्रत्यक्षांत कोणत्याहि काळीं नसलें तरी चालेल. पहिलें मत पाळलें तर संग्रहालयांत गंजलेल्या पत्र्याचा ढीग राहील. दुसरें पाळलें तर नाटकांतला देखावा उभा राहील. या दोहोंमधून वाट काढण्याचा प्रयत्न १९६४ सालच्या व्हेनिसच्या सनदेनें केला. जेथें तर्क सुरू होतो तेथें पुनरुज्जीवन थांबावें, नवें काम नवें म्हणून ओळखूं यावें, व निरनिराळ्या काळांनीं वस्तूंत घातलेल्या भरीचा मान राखावा, असा तिचा आशय आहे.

आमच्या मतें या वाटेचा सर्वांत स्वच्छ नकाशा इमारतींच्या शास्त्रांत शोधण्याचें कारण नाहीं. तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत तयार झाला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम तेथें १९१९ सालीं सुरू होऊन १९६६ सालीं संपलें. १९२५ पासून १९४३ सालीं निवर्तेपर्यंत डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक होते, व आदिपर्व त्यांच्याच हातून १९३३ सालीं पूर्ण झालें. बाराशेंहून अधिक हस्तलिखितांचा उपयोग या आवृत्तीसाठीं करण्यांत आला. तिची रचना पाहण्यासारखी आहे. निवडलेला पाठ वर छापलेला असतो; सोडलेले पाठ खालीं दिलेले असतात; प्रक्षिप्त ठरलेले लांब भाग परिशिष्टांत जातात, पण फेंकले जात नाहींत. आणि जो पाठ संपादकाला पुरता निश्चित वाटत नाहीं त्याच्या खालीं एक नागमोडी रेघ ओढलेली असते. ही रेघ वाचकाला सांगते कीं, येथें आम्ही निवड केली आहे, परंतु आमचा हात येथें थोडा कांपला आहे. विद्वत्तेंतील प्रामाणिकपणाचें याहून सुंदर चिन्ह आमच्या पाहण्यांत नाहीं.

आतां डब्याकडे वळूं. येथें एक मोठा भेद लक्षांत ठेविला पाहिजे. संपादक नवी प्रत छापतो. त्यानें नाकारलेलें हस्तलिखित कपाटांत जसेंच्या तसें राहतें. त्याची चूक झाली तर शंभर वर्षांनीं दुसरा संपादक तेंच हस्तलिखित काढून ती सुधारूं शकतो. डबा दुरुस्त करणाराजवळ पोथी एकच असते, आणि त्याला लिहावयाचें असतें तें त्या पोथीवरच. एकदां खरवडलेला थर पुन्हां बसवितां येत नाहीं. म्हणून संपादकाहून या सुताराची जबाबदारी अधिक कठीण आहे, आणि नागमोडी रेघेची गरजहि त्यालाच अधिक.

या कसोटीला २२ क्रमांकाचा डबा कसा उतरतो? १९१० चें रूप निवडण्यांत संग्रहालयानें चूक केली असें आम्ही म्हणणार नाहीं. उपाहारगृहें व दुकानें जगांत पुष्कळ आहेत. मॅकीनचे डबे बोटांवर मोजण्याइतकेहि उरले नाहींत. दुर्मिळ पाठ वर घ्यावा हें ठीकच झालें. परंतु मूळ एंजिन नसल्यामुळें डबा आतां नव्या डिझेल-यंत्रावर चालतो. मागें जाण्यासाठीं एंजिन बंद करून उलटें सुरू करण्याची यातायात नव्या यंत्रास नसणारच. आणि प्रेक्षकांच्या सोयीसाठीं ती नसावी हें उघड आहे. तरी पण त्या डब्याचें चरित्र सांगतांना हा दोष अत्यंत महत्त्वाचा आहे. इतक्या सुंदर अंगाच्या या गाड्यांचा बोलबाला लवकर का ओसरला, याचें मोठें कारण त्यांच्या यंत्राच्या असल्या खोडींतच आहे. दोष काढून टाकलेलें चरित्र वाचावयास गोड लागतें, पण मॅकीनच्या कल्पनेचें काय झालें हें त्यावरून कळत नाहीं. निर्दोषपणें धांवणारा डबा पाहून मुलें घरीं जातात तीं अशा समजुतीनें कीं, शंभर वर्षांपूर्वींची गाडी अशीच सुरळीत चाले. नागमोडी रेघ हवी ती नेमकी येथें, यंत्राच्या जवळ, डोळ्यांना दिसेल अशी.

चित्रपटांस विकल्या गेलेल्या डब्यांचा प्रश्न याहून विलक्षण आहे. १९३९ सालच्या 'युनियन पॅसिफिक' या चित्रपटांत या रेल्वेच्या गाड्या दिसतात. चित्रपटवाल्यांना इतिहास नको होता. इतिहासासारखें दिसणारें कांहींतरी हवें होतें, व त्यांनीं गाड्यांना आपल्या गरजेप्रमाणें सजविलें. व्हिओले-ल-द्यूकचें स्वप्न त्यांनीं अजाणतां पुरें केलें. पण ज्यांनीं हें खोटें रूप दिलें त्यांनींच गाड्या भंगारांतून वांचविल्या हेंहि खरें. प्रक्षेपकारांनीं पोथी बिघडविली, आणि त्यांनींच ती पुन्हां पुन्हां नकलून जिवंत ठेविली, असा अनुभव महाभारताच्या अभ्यासकांस नवा नाहीं. म्हणून चित्रपटी नटवेपण घांसून काढतांना त्याचा निदान एक तुकडा तरी शिल्लक ठेवावा, असें आम्हांस वाटतें.

यावर कोणी म्हणेल कीं, ही पंडितांची चिकित्सा झाली. लहान गांवच्या लोकांस ती कशाला? त्यांना आपल्या गांवचा डबा पुन्हां रंगलेला, पुन्हां धांवतांना पाहावयाचा असतो. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. आपल्या भाषेंतील 'जीर्णोद्धार' हा शब्दच त्या बाजूचा आहे. अहिल्याबाईंनीं देवळें उभीं केलीं तीं पूजा चालावी म्हणून. जुना दगड कोणता व नवा कोणता हें विचारीत बसण्यासाठीं नव्हे. वापरांत आल्यावांचून वस्तु उद्धरली असें आपण समजत नाहीं, आणि या समजुतींत जीव आहे. चालणाऱ्या डब्यांत बसलेलें मूल जें शिकतें तें कांचेपलीकडील डबा पाहून शिकणार नाहीं. परंतु संग्रहालय हें देऊळ नव्हे. देवळांत श्रद्धेनें जावें. संग्रहालयांत विचारीत जावें. विचारणाराला उत्तर मिळण्याची सोय तेथें नसेल, तर श्रद्धेपुरती ती गाडी जत्रेंतल्या पाळण्याजवळ उभी केली तरी काम भागेल.

आमची मागणी अवघड नाहीं. डब्याची एक खिडकी व तिच्या भोंवतालची हातभर भिंत दुरुस्तीपूर्वीं होती तशीच ठेवावी. रंगाचे थर पायऱ्यांसारखे उघडे राहावे. नव्या लांकडावर व लोखंडावर सुतारानें, लोहारानें आपलें साल कोरावें. आणि कामाची रोजनिशी कोणाहि येणाराला मागतांच पाहावयास मिळावी. यापैकीं कांहीं गोष्टी अनेक ठिकाणीं केल्या जातातच. त्या सर्वत्र नियम म्हणून व्हाव्या.

कार्सन सिटीच्या गोष्टींत एक भाग उरला आहे, व तो सुखाचा नाहीं. ज्या दगडी कारखान्यांत हे डबे व हीं एंजिनें दुरुस्त होत, तो या रेल्वेचा कारखाना १९९१ सालीं पाडण्यांत आला. म्हणजे संग्रहालय उघडून अकरा वर्षें झालीं असतां, त्याच गांवांत, डबे जतन होत होते आणि डब्यांचें माहेर जमीनदोस्त होत होतें. डबा रंगवून रुळांवर आणतां आला. पण त्याच्या अंगावर हात फिरविणारे कारागीर कोठें उभे राहत, उजेड कोणत्या बाजूनें येई, हें सांगणारी भिंत आतां नाहीं. चुकीचा पाठ पुढचा संपादक सुधारूं शकतो. फाडलेलें पान मात्र कोणालाहि लावतां येत नाहीं, म्हणून पान फाडण्यापूर्वीं प्रत्येक गांवानें थोडें थांबावें.