छेदस्थानी कोण? : एच.आय.व्ही. सर्वेक्षणांच्या वाचनाची एक चिकित्सा

टक्केवारी ही दोन संख्यांच्या भागाकारातून जन्मास येते. परंतु तिचे वाचन करताना आपले लक्ष बहुधा अंशावर खिळते व छेद दुर्लक्षित राहतो. एच.आय.व्ही.सारख्या रोगाच्या बाबतीत हे दुर्लक्ष विशेष घातक ठरते. ज्यांना शासकीय परिभाषेत ‘अतिजोखमीचे गट’ म्हणतात, त्यांची यादी कोणत्याही खानेसुमारीत मिळत नाही. छेद येथे आयता सापडत नाही, तो रचावा लागतो. आणि रचलेल्या वस्तूची परीक्षा करणे हे समीक्षकाचे कर्तव्यच होय.

छेद बदलला म्हणजे काय घडते, याचे ठळक उदाहरण राष्ट्रीय पातळीवरच उपलब्ध आहे. २००७ साली भारतातील बाधितांची अंदाजित संख्या सुमारे ५२ लाखांवरून सुमारे २५ लाखांवर आणण्यात आली. रोग एका वर्षात निम्म्याने ओसरला होता, असा याचा अर्थ नव्हे. तोवरचे अंदाज मुख्यतः प्रसूतिपूर्व तपासणीसाठी सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गर्भवती स्त्रिया व विवक्षित गट यांच्या पाहणीवर आधारलेले होते. २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात प्रथमच एक लाखाहून अधिक व्यक्तींची रक्ततपासणी घरोघरी झाली, पाहणीची केंद्रेही वाढली होती, आणि अंदाज खाली आले. तथापि घरोघरच्या पाहणीलाही मर्यादा आहेच. कुंटणखाना, धाबा, लॉज किंवा बसस्थानकाचा परिसर हे तिच्या दृष्टीने ‘घर’ नव्हे.

ही उणीव भरून काढण्यासाठी विवक्षित गटांची स्वतंत्र पाहणी आवश्यक ठरते. ‘आवाहन’ कार्यक्रमाच्या मूल्यमापनार्थ २००५-०७ व २००९-१० अशा दोन फेऱ्यांत वर्तन व जैविक तपासणी यांची संयुक्त पाहणी झाली. महाराष्ट्रातील निवडक जिल्ह्यांत कोल्हापूरचा समावेश होता. कुंटणखान्यांतील स्त्रियांसाठी रूढ समूह-नमुना व रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांसाठी स्थळ-काळ-नमुना अशी पद्धतींची योजना होती. दुसऱ्या पद्धतीत व्यक्तींची यादी नसते. जागा आणि वेळ यांच्या जोड्या करून त्यांतून निवड होते. साहजिकच जी स्त्री रोज त्या जागी येते तिची निवड होण्याची शक्यता आठवड्यातून एकदा येणारीपेक्षा अधिक असते. योग्य भारांक न लावता काढलेली सरासरी ही म्हणूनच स्त्रियांची नसून त्यांच्या हजेरीची सरासरी असते.

दोन फेऱ्यांची तुलना करताना अडचण अधिक वाढते. एक काल्पनिक गणित घेऊ. पहिल्या फेरीत कुंटणखान्यांतील ३०० व रस्त्यावरील १०० स्त्रिया आहेत. बाधेचे प्रमाण अनुक्रमे ३० व १० टक्के आहे. एकूण प्रमाण २५ टक्के येईल. दुसऱ्या फेरीत दोन्हींतील प्रमाण तेच राहिले, मात्र नमुन्यात प्रत्येकी २०० स्त्रिया आल्या, तर एकूण प्रमाण २० टक्के होईल. कोणत्याही गटात तिळमात्र सुधारणा न होता पाच टक्क्यांची ‘घट’ सिद्ध झाली! मोबाइल दूरध्वनीच्या प्रसारानंतर या व्यवसायाच्या जागा विखुरल्या. तेव्हा असा पालट ही केवळ कल्पना राहिलेली नाही.

शिवाय नमुन्याच्या अचूकतेलाही सीमा असते. ४०० व्यक्तींच्या समूह-नमुन्यात २० टक्के प्रमाण आढळले आणि समूहरचनेमुळे विचरण दुप्पट धरले, तर खरे प्रमाण साधारणतः साडेचौदा ते साडेपंचवीस या कक्षेत कोठेही असू शकते. २४ वरून २० वर आलेल्या आकड्याला यश म्हणणे हे संख्याशास्त्र नव्हे.

तिसरा मुद्दा आकड्याच्या जातीचा आहे. बाधितांचे एकूण प्रमाण आणि नव्याने होणाऱ्या बाधेचे प्रमाण यांत मूलभूत भेद आहे. १ एप्रिल २००४ पासून भारतात मोफत विषाणूरोधक उपचार सुरू झाले. उपचाराने माणसे जगतात, म्हणून नवी बाधा घटली तरी एकूण प्रमाण स्थिर राहू शकते. उलट मृत्यू वाढल्यानेही प्रमाण उतरू शकते. पहिल्या प्रसंगी यशाला अपयश म्हटले जाईल, दुसऱ्या प्रसंगी शोकांतिकेला यश. व्यवसायात नुकत्याच आलेल्या स्त्रियांची आकडेवारी वेगळी मांडल्यास या संभ्रमाचे काही अंशी निराकरण होते.

सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९५४ सालच्या आपल्या ग्रंथात नमुन्याबाहेरील त्रुटींचाही विचार केला आहे. प्रस्तुत विषयात ही त्रुटी म्हणजे उत्तराची विश्वसनीयता. ‘दर वेळी निरोध वापरता काय?’ या प्रश्नाला वर्षानुवर्षे आरोग्य-प्रचार ऐकलेली स्त्री ‘होय’ म्हणेल, यात नवल नाही. प्रश्नकर्त्यामागून पोलीस येतील अशी भीती असेल तर ती भेटणारही नाही. कोल्हापूरशेजारच्या सांगलीत ‘संग्राम’ने १९९२ पासून याच स्त्रियांना कार्यकर्त्या मानून काम केले आणि पुढे वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. त्यातून घ्यावयाचा धडा केवळ दयाबुद्धीचा नाही. जिला आपण मोजतो तिचा विश्वास हा पद्धतिशास्त्राचाच घटक आहे. २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्याने माहितीपूर्वक संमती व गोपनीयता यांना दिलेले संरक्षण या दृष्टीने आकडेवारीच्या शुद्धतेचेही संरक्षण होय.

अशा आकड्यांवरून कोणत्या जिल्ह्यात केंद्रे ठेवावीत व कोठून निधी काढून घ्यावा, हे ठरते. म्हणून प्रत्येक तक्त्याखाली नमुन्याची घडण, भारांक, विश्वासकक्षा व नकार देणाऱ्यांची संख्या छापली जावी, असा आग्रह धरणे हा पांडित्याचा हट्ट ठरू नये. जोखीम ही व्यक्तीच्या अंगची खूण नसून परिस्थितीचा गुण आहे. परिस्थिती बदलते तसा गटही बदलतो, आणि त्याबरोबर छेदही. त्याची दखल न घेणारे विश्लेषण कितीही सूक्ष्म असले, तरी ते कोणाविषयी बोलत आहे हेच अनिश्चित राहते.