शिवरायांचा मुलगा असणं: बखर, सिनेमा आणि आपला संताप

आजचा विषय भोर आणि वेल्ह्याचा आहे, म्हणजे कागदोपत्री आता भोर आणि राजगड तालुक्याचा. ज्या मुलाविषयी बोलायचं आहे तो जन्मला पलीकडे पुरंदरावर, १४ मे १६५७ रोजी. पण त्याला दूध पाजणारी धाराऊ गाडे कापूरहोळची. त्याची आई सईबाई गेली राजगडावर, ५ सप्टेंबर १६५९ ला, आणि तिची समाधी गडाच्या पायथ्याला पाल गावात आहे. त्या वेळी पोराचं वय सव्वादोन वर्षं. सातारा रस्त्याने येताना कापूरहोळचा फाटा आपण सगळेच ओलांडतो, आणि ओलांडताना बहुतेकांच्या मनात भोरला किती वाजता पोचू एवढंच असतं.

आम्ही संभाजी महाराजांवर बोलणार म्हटल्यावर काही जणांनी आधीच विचारलं, ‘बाजूने बोलणार की विरोधात?’ गेल्या वीसेक वर्षांत आपण जे करून ठेवलंय ते या एका प्रश्नात सगळं येतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या बाजूने किंवा विरोधात कसं बोलायचं? पण प्रश्न विचारणारा चूक नाही. त्याने आजूबाजूला तेच पाहिलं आहे.

तर सुरुवात बापापासून करू. मूल जन्मल्यापासून नऊ वर्षांचं होईपर्यंत वडील कुठे कुठे होते बघा. १६५९ च्या नोव्हेंबरात प्रतापगडाखाली अफजलखान. १६६० मध्ये पन्हाळ्याचा वेढा. १६६३ च्या एप्रिलात पुण्यात लाल महालात शाइस्तेखान. १६६४ च्या जानेवारीत सुरत. १६६५ च्या जूनमध्ये पुरंदरचा तह, आणि त्या तहात या आठ वर्षांच्या मुलाच्या नावावर मोगलांची पाच हजारांची मनसब. म्हणजे दोन सत्तांमधल्या करारात मुलगा हे एक कलम झाला. पुढच्या वर्षी आग्रा. तिथून वडील निसटून राजगडावर आले, मुलगा मागे मथुरेत ठेवलेला. बखरी आणि परंपरा सांगतात, की महाराजांनी मुलगा वाटेत वारल्याची बातमी मुद्दाम उठवून दिली, मोगलांनी शोध सोडावा म्हणून. काही दिवसांनी पोरगा सुखरूप राजगडावर हजर.

ही गोष्ट आपल्याकडे नेहमी महाराजांच्या हुशारीची म्हणून सांगतात. आहेच ती हुशारी. आम्हाला तिची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. ही परंपरा खरी धरली, तर या मुलाविषयीची पहिली मोठी बातमी खोटी होती, आणि ती त्याच्या बापानेच, त्याच्या जिवासाठी, पसरवली होती. पुढे आयुष्यभर आणि मेल्यावरही त्याच्याविषयी बातम्या उठतच राहिल्या. त्या उठवणाऱ्यांच्या पोटात मात्र त्याची काळजी नव्हती.

आता बखरीकडे. शंभूराजे व्यसनी, रागीट, बायकांच्या नादी लागलेले ही जी प्रतिमा आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने खरी मानली, तिचा मोठा हिस्सा मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीतून आला. ही बखर लिहिली गेली १८१० च्या सुमारास, म्हणजे राजे गेल्यावर सुमारे सव्वाशे वर्षांनी. आणि लिहिणारा कोण? बाळाजी आवजी चिटणिसांच्या वंशातला. बाळाजी आवजींना १६८१ मध्ये संभाजी महाराजांनीच कटाच्या आरोपावरून मृत्युदंड दिला होता. म्हणजे बातमीदार घटनेनंतर चार पिढ्यांनी जन्मलेला, आणि घरात जुनं दुःख. म्हणून तो खोटंच लिहितो असं नाही. पण असा मजकूर वाचताना निदान एकदा हात थांबायला हवा. आपला शंभर वर्षं थांबला नाही. राम गणेश गडकऱ्यांनी ‘राजसंन्यास’ लिहायला घेतलं ते याच उपलब्ध मजकुरावर. ते १९१९ मध्ये गेले, नाटक अपुरंच राहिलं. त्या अपुऱ्या नाटकातला संभाजी मात्र पुरा झाला आणि घरोघर पोचला.

हा मजकूर मोडला कसा? वा. सी. बेंद्र्यांनी वर्षानुवर्षं कागद गोळा केले आणि १९६० मध्ये ‘छत्रपती संभाजी महाराज’ हे चरित्र दिलं. मग कमल गोखल्यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ आलं. पत्रं, दानपत्रं, पोर्तुगीज आणि इंग्रज वखारींचे कागद, मोगल दरबारच्या नोंदी, हे सगळं समोरासमोर ठेवून. यालाही अविश्वासच म्हणतात, पण हा कष्टाळू अविश्वास. बेंद्र्यांनी बखर जाळली नाही, बखरीशेजारी दुसरे कागद आणून ठेवले. वाचणाऱ्याला आपोआप दिसलं की बखर कुठे डळमळते.

या कामात आपल्या तालुक्याचा वाटा आहे, आणि तो भोरात बसून सांगताना आम्हाला बरं वाटतं. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली लोकमान्य टिळकांनी उजेडात आणली. आता शकावली म्हणजे काय? तिथी, ठिकाण, घटना. बहुतेक नोंदी ओळ-दोन ओळींच्या. अमुक गेले, अमुक आले, अमुक गड घेतला. विशेषण जवळजवळ नाही. कोणी थोर नाही, कोणी नीच नाही. शंभूराजे १६७८ मध्ये मोगलांकडे गेले, हेही तिथे तसंच, एखादा सरदार गेल्यासारखं. चिटणिसांची बखर वाचून मग शकावली वाचली, की बाजारातून एकदम शेताच्या बांधावर आल्यासारखं वाटतं. अर्थात शकावलीही एका वतनदार घराण्याची आहे. काय टिपायचं आणि काय नाही हे त्या घराने ठरवलं, तेव्हा तिच्याकडेही डोळे मिटून बघू नये.

आता आपल्या काळात या. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला. कारण जेम्स लेन यांच्या पुस्तकातला महाराजांच्या घराविषयीचा अवमानकारक मजकूर. मजकुराचा राग येणं आम्ही समजू शकतो, तो ऐकीव कुचाळकीवर उभा होता. पण फोडलं काय? कपाटं, पोथ्या, कागद. ज्या प्रकारच्या साधनांवर संभाजी महाराजांचं नाव पुन्हा धुऊन निघालं, तसल्याच साधनांचं घर. पुस्तकावर राज्य सरकारने बंदी घातली, ती मुंबई उच्च न्यायालयाने उठवली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. या सगळ्यात मजकुराला कागदाने उत्तर देण्याचं काम किती जणांनी केलं, हे मोजायला दोन्ही हातांची बोटं लागत नाहीत.

जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून मुठेत टाकला. संभाजी ब्रिगेडने जबाबदारी घेतली. कारण ‘राजसंन्यास’. नाटककाराला जाऊन अठ्ठ्याण्णव वर्षं झाली होती आणि त्याच्या मजकुराचं खंडन बेंद्र्यांनी करून सत्तावन्न. पुतळा बुडाला, आणि त्या आठवड्यात ज्यांनी ‘राजसंन्यास’चं नावही ऐकलं नव्हतं त्यांनी त्यातल्या वाक्यांचे फोटो एकमेकांना पाठवले. बदनामीचा एवढा प्रसार गडकऱ्यांना स्वतःलाही जमला नसता.

मग ‘छावा’. कादंबरी शिवाजी सावंतांची, १९७९ ची, आणि लक्ष्मण उतेकरांचा सिनेमा १४ फेब्रुवारी २०२५ चा. सिनेमा यायच्या आधीच ट्रेलरमधल्या काही क्षणांवर गदारोळ झाला. राजे लेझीम खेळताना दाखवले म्हणून. दिग्दर्शकाने तो प्रसंग काढून टाकला. छत्रपतींचा नाच गाण्यासारखा वापरू नये ही भावना समजते. पण मंडळी, लेझीम! शिवजयंतीला आपल्या शाळांतली पोरं याच रस्त्यावरून लेझीम खेळत जातात, तेव्हा ती महाराजांसमोर खेळतात असंच आपण मानतो ना? मग राजाने खेळली की अपमान कसा? कुणी या प्रश्नावर थांबलंच नाही. थांबायला वेळ नव्हता, निषेधाची वेळ ठरलेली होती.

सिनेमा आल्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली, गणोजी आणि कान्होजी शिर्क्यांना फितूर दाखवलं म्हणून. दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. पुण्या-मुंबईत काही जण यावर हसले. भोर-वेल्ह्यात हसू येत नाही. इथे जेधे, बांदल, खोपडे, शिळीमकर, गाडे ही पुस्तकातली नावं नाहीत, ती सोसायटीच्या निवडणुकीतली नावं आहेत. एकाच रोहिडखोऱ्यात एक घर अफजलखानाच्या वेळी महाराजांकडे राहिलं आणि दुसऱ्या घरातला माणूस खानाकडे गेला. शंभूराजांच्या काळात सर्जेराव जेध्यांना त्यांनी धाडलेलं कानउघाडणीचं पत्र आहे, कारण त्यांच्याच घरातला माणूस मोगलांकडे गेला होता. वतन, वैर, भाऊबंदकी, पोटापाण्याची भीती. फितुरीला कारणं होती आणि ती घरोघर होती. सिनेमाला मात्र दोन खलनायक पुरतात.

आणि आमची ‘छावा’विषयीची मुख्य तक्रार इथेच आहे. हा सिनेमा सुरूच होतो बापाच्या मृत्यूनंतर, बुऱ्हाणपूरच्या स्वारीपासून. बाप उरतो तो आठवणीत आणि गर्जनेत. शेवटच्या छळाला पडद्यावर भरपूर वेळ आहे, आणि तो पाहून प्रेक्षक रडत बाहेर आले, ते रडणं खरं होतं यात आम्हाला शंका नाही. पण तेवीस वर्षं शिवाजी महाराजांचा मुलगा म्हणून जगणं कसं होतं, हे मधल्यामधे गळून गेलं. त्या रडण्याचं पुढे काय झालं तेही पाहिलंच आपण. मार्चमध्ये नागपुरात औरंगजेबाच्या कबरीवरून दंगल झाली, आणि लोकांच्या भावना या सिनेमामुळे भडकल्या असं खुद्द मुख्यमंत्री म्हणाले. तिकडे बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोक सिनेमा पाहून रात्री शेतं खणत होते, मोगलांचं सोनं मिळेल म्हणून. दोघांनीही पडदा हाच कागद मानला.

बखरीने शंभूराजांना वाया गेलेला मुलगा केलं. सिनेमाने त्यांना मुलगा ठेवलंच नाही, थेट सिंह केलं. या दोन्हींत अवघड जागा टाळली आहे, आणि ती जागा म्हणजे डिसेंबर १६७८. थोरल्या महाराजांचा एकवीस वर्षांचा मुलगा दिलेरखानाच्या छावणीत जातो. वर्षभर तिथे राहतो. भूपाळगड पडतो, तिथल्या शेकडो माणसांचे हात दिलेरखान तोडतो, आणि मुलगा ते पाहतो. १६७९ च्या अखेरीस तो पन्हाळ्यावर परत येतो. का गेला? घरात सावत्र आईचं राजकारण होतं, कारभाऱ्यांशी बेबनाव होता, राज्य कोणाला जाणार याची कुजबुज होती. महाराजांचाच डाव होता असंही सांगतात. त्याला भक्कम आधार आम्हाला दिसत नाही. पण आम्ही तुम्हाला विचारतो, हा माणूस गेला आणि परत आला, यात कमीपणा कुठला? ज्याच्या बापाला लोक हयातीतच अवतार मानू लागले होते त्या घरात रुसायलाही जागा नसते.

वसंत कानेटकरांनी १९६२ मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिलं तेव्हा त्यांनी ही जागा ओळखली होती. त्यांचे महाराज घरातले आहेत, थकलेले आहेत. इतिहास म्हणून त्या नाटकात काढण्यासारखं बरंच आहे. पण बाप आणि मुलगा एका खोलीत बसून एकमेकांना कळत नाहीत, हे त्यात आहे, आणि त्यावर तेव्हा कुणी दगड मारले नाहीत. आज तेच नाटक नव्याने लिहून आणलं तर पहिला प्रयोग होईल का, याची आम्हाला खात्री नाही. ३० डिसेंबर २०२२ ला विधानसभेत अजित पवार ‘धर्मवीर नव्हे, स्वराज्यरक्षक’ एवढंच म्हणाले, तर पुढचा आठवडाभर आंदोलनं चालली. एका पदवीवरून हे होतं, तर रुसलेल्या मुलाचं काय होईल?

एक गोष्ट राहिली, राजमुद्रांची. शिवाजी महाराजांची मुद्रा त्यांना शहाजींचा पुत्र म्हणून ओळख देते. संभाजी महाराजांची मुद्रा त्यांना शिवापासून जन्मलेला म्हणते. दोघांनीही स्वतःच्या सत्तेच्या शिक्क्यावर बापाचं नाव घातलं. थोरले महाराजही मोठ्या बापाचेच मुलगे होते आणि त्यांचे वडीलही बहुतेक काळ दूर, कर्नाटकात. मुद्रेत ते दोघे जेवढे सरळ बोलले तेवढं आपल्याला त्यांच्याविषयी बोलता येत नाही.

१६८० च्या जानेवारीत महाराज पन्हाळ्यावर आले, परत आलेल्या मुलाला भेटले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ३ एप्रिलला, रायगडावर ते गेले. मुलगा तेव्हा पन्हाळ्यावरच होता. त्या जानेवारीत दोघे काय बोलले असतील याचं एकही शब्दाचं विश्वसनीय टिपण नाही, आणि म्हणून त्या भेटीवर आपल्याकडे सगळ्यात लांब संवाद लिहिले गेलेत.

दहा मिनिटं आहेत. प्रश्न विचारा. आणि ज्यांच्या घरी जुने कागद असतील, मोडी येत नाही म्हणून माळ्यावर पडलेले, त्यांनी जाण्याआधी आमच्याशी बोला, वाचून देणारी माणसं आहेत.